सुटली रे, अकोलेवाली सुटली

दिवेलागणीच्या सुमारास आमच्या घरात रोज एक आरोळी उठायची. "सुटली! सुटली रे सुटली! जागचं हालू नका कोनी!" आणि खरंच, सगळं घर होतं तिथं थिजायचं. सासूबाईंची भाकरी तव्यावर करपली तरी उलथायची सोय नव्हती. कारण मोठ्या मामाजींची मांजर सुटलेली असायची. कान मागं पाडून, शेपटी फुलवून, डोळे वाटोळे करून ती ओसरीतून माजघरात, माजघरातून रुईच्या ढिगावर, ढिगावरून भिंतीला पाय लावून खाली, आंगणातल्या कडुलिंबापर्यंत आणि तिथून परत, अशी जीव घेऊन पळायची. मागं कुत्रं नाही, पुढं उंदीर नाही. तीन फेऱ्या झाल्या की मध्येच थबकायची, खाली बसायची आणि पुढचा पाय चाटायला लागायची, जणू काही झालंच नाही. मोठे मामाजी मग सुस्कारा टाकायचे, भिंतीतल्या कोनाड्यात सरकीचा एक दाणा ठेवायचे आणि म्हणायचे, "साचलं होतं बिचारीचं."

मोठे मामाजी म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. त्यांचं नाव मी सांगणार नाही. सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव सुनेनं घ्यायचं नाही अशी आमच्यात रीत होती, आणि ते जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझ्या जिभेला ते वळत नाही. अमरावतीच्या कापूस बाजारात त्यांना मांजरबुवा म्हणत, त्यावर भागवा. उंच, वाळकुडा माणूस. नाकाच्या शेंड्यावर कायम रुईचा एक तंतू चिकटलेला. तो त्यांना कधी दिसला नाही आणि आम्ही कुणी कधी सांगितला नाही.

बाजारात मात्र त्यांच्या शब्दाला वजन होतं. चिमूटभर रुई घ्यायची, उजव्या हाताच्या दोन बोटांत धरून हळूच ओढायची आणि डोळे मिटून सांगायचं, हा कापूस मोर्शीकडचा, वेचणी दुसरी, आणि रात्री कुणीतरी यावर पाणी शिंपडलंय लेकाच्यानं. पाणी शिंपडणारा तिथंच उभा असला तर हळूच सटकायचा. अशा माणसानं घरी येऊन मांजरीमागं गुडघ्यावर रांगावं याचं बाजाराला फार वाईट वाटे.

तो काळच वेडा होता म्हणा. साता समुद्रापलीकडे अमेरिका का काय म्हणतात तिथं लढाई जुंपली, तिथला कापूस निघायचा थांबला आणि साऱ्या जगाला एकदम आमच्या वऱ्हाडची आठवण झाली. कापसाला सोन्याचं मोल आलं. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदी मढवली. आमच्या घरात माणसांना निजायला जागा उरली नाही, कारण माजघरात रुई, कोठीत रुई, देवघरातसुद्धा देवापुढं रुई. देव बिचारे शिंकत असतील. सासऱ्यांनी एकच कायदा केला होता. चूल मागच्या परसात, आणि विस्तवाची एक ठिणगीसुद्धा तिथून अलीकडं आणायची नाही. पाहुणा आला तरी चिलीम बाहेर विझवून यायचा.

त्याच वर्षी मी सून म्हणून त्या घरात आले. वय नऊ. माहेर वलगावचं, म्हणून माझं नाव पडलं वलगाववाली. आमच्याकडे सुनेला तिच्या गावावरूनच हाक मारतात. आणि त्याच महिन्यात मोठे मामाजी अकोल्याच्या बाजाराहून परत येताना एका पोत्यात एक मांजरीचं पिल्लू घेऊन आले, उंदरांसाठी. करडं, एक कान फाटलेलं. सासूबाईंनी विचारलं, नाव काय. मोठे मामाजी म्हणाले, "अकोल्याहून आली, त अकोलेवाली." म्हणजे घरात एकाच महिन्यात दोन सुना आल्या. फरक इतकाच की तिला पदर नव्हता.

आता एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सुनेनं थोरल्या सासऱ्याशी बोलायचं नसतं. त्यांनीही सुनेशी बोलायचं नसतं. समोर आले की पदर नाकापर्यंत ओढायचा आणि भिंतीला चिकटून उभं राहायचं. सासूबाईंनाही तेच. मोठे मामाजी त्यांचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ; त्यांच्याशी एक शब्द बोलायची चोरी. मग घर चालायचं कसं? तर मांजरीवर. मोठ्या मामाजींना पाणी हवं असलं की ते म्हणत, "अकोलेवाली, तान लागली वं." मी तांब्या नेऊन ठेवायची. सासूबाईंना राग आला की त्या चुलीपुढून ओरडत, "अकोलेवाली, सांग त्याईले, जेवन थंडं होऊन रायलं, मांजरीचे केस मोजनं झालं असन त या म्हनाव." मांजर बिचारी दोघांकडं आळीपाळीनं बघायची.

तर मोठ्या मामाजींचा ध्यास एकच. ही मांजर का सुटते? "कारन असते," ते म्हणायचे. "सापडत नाई एवढंच." आधी त्यांना वाटलं उंदीर. मग वाटलं पिसवा. म्हणून तिला पाटावर बसवून लाकडी फणीनं विंचरलं, आणि दोन्ही हातांवर ओरखडे घेऊन बाजारात गेले. मग वाटलं पाऊस यायचा असला की पळते. पण पाऊस संपला, थंडी संपली, आणि ही पळतेच आहे. मग त्यांच्या लक्षात आलं की पोट साफ करून आली की ती हमखास सुटते. याची खात्री करायला ते चार दिवस सकाळी गोठ्यामागच्या कडब्याआड दबा धरून बसले. एक व्यापारी त्यांना शोधत मागं आला. हे ओणवे बसलेले. "काय करून रायले बुवा?" त्यानं विचारलं. "गप," मामाजी म्हणाले, "ते बसली हाय." त्यानंतर आठ दिवस बाजारात दुसरा विषय नव्हता.

पुढं त्यांनी पद्धतच लावली. ओसरीच्या भिंतीत चार कोनाडे होते. पहाटे सुटली तर पहिल्यात सरकीचा दाणा, दिवेलागणीला सुटली तर दुसऱ्यात, पोट हलकं झाल्यावर सुटली तर तिसऱ्यात आणि उगाच सुटली तर चौथ्यात. पाच महिने हे चाललं. दुसरा कोनाडा भरत आला. आणि दिवाळीच्या झाडलोटीत सासूबाईंनी चारही कोनाडे पुसून सरकी म्हशीपुढं टाकली. मोठे मामाजी घरी आले, कोनाड्यांकडं पाहिलं, म्हशीकडं पाहिलं. म्हैस रवंथ करत होती. "अकोलेवाली," ते हळूच म्हणाले, "पाच महिन्याचं शास्त्र खाल्लं वं तिनं." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या दाण्यापासून सुरुवात केली.

पण तोवर त्यांना कळायचं ते कळलं होतं. एकदा मी चरकीवर बसले असताना ते ओसरीवरून मांजरीला सांगत होते. "हे पाहा अकोलेवाली, तू दिसभर रुईवर निजते. आंगात जोर त हाय, मंग तो जाईन कुठी? साचते. हंड्यात पानी साचते न, तसं. मंग सांजच्याले भसकन सुटते. त्याच्यात तुया काय दोष?" मांजर झोपली होती. ऐकत होते ते मी.

कारण मीही दिवसभर बसलेली असायचे. चरकी म्हणजे दोन रुळांचं लाकडी यंत्र. डाव्या हातानं कापूस सारायचा, उजव्या हातानं दांडा फिरवायचा, इकडं सरकी पडते, तिकडं रुई. उजाडल्यापासून उन्हं उतरेपर्यंत तेच. कापूस इतका आला होता की घरातल्या प्रत्येक बाईला चरकी होती. वलगावला मी बांधावरून पळायची, चिंचेवर चढायची, पोहऱ्याबरोबर विहिरीत वाकायची म्हणून मार खायची. इथं उठले तरी सासूबाई म्हणायच्या, "बस न वं, आंगात काय किडे हाईत?"

आणि एका संध्याकाळी मीही सुटले. ठरवून नाही हो. चरकी थांबवली, पाय मोकळे करायला आंगणात आले, आणि काय झालं कुणास ठाऊक, पायांनीच उचल खाल्ली. कडुलिंबाला फेरी, तुळशीला फेरी, गोठ्यापर्यंत, परत. पदर खांद्यावर, केस मोकळे. आणि दिवसभर रुईत बसल्यानं केसांपासून पायांपर्यंत मी पांढरीफटक. भिंतीपलीकडे शेजारची बुढी कोंबड्या कोंडत होती. तिनं मान वर केली, संधिप्रकाशात काहीतरी पांढरं भणाणत चाललेलं पाहिलं आणि बोंब मारली, "हडळ! माय वं, हडळ!"

मी थबकले, खाली बसले आणि पदर नीट करायला लागले. त्या क्षणी मला अकोलेवालीचं सगळं कळलं.

पण हसण्यावारी जायचं ते गेलं नाही. चार दिवसांनी पुन्हा तसंच झालं, मग पुन्हा. बुढीनं गल्लीभर सांगितलं की या घरची वलगाववाली झपाटली आहे. सासूबाई दुष्ट नव्हत्या, हे मी आधीच सांगते. त्या घाबरल्या होत्या. त्यांना एकच मुलगा, तोही अकोल्याला मामाकडं शिकायला. त्यांनी देवाला नारळ ठेवला, माझ्या दंडाला काळा दोरा बांधला, आणि शेवटी ठरवलं की भगताला बोलवायचं. त्यानं नाही उतरलं तर वलगावला निरोप धाडायचा, की पोरगी घेऊन जा.

भगत काय करतो हे मला ठाऊक होतं. आमच्या गावात एका बाईला बसवलेलं मी पाहिलं होतं. मिरच्यांची धुरी, निंबाच्या ओल्या फोका, आणि सगळे लोक भोवती उभे. परत धाडलेल्या पोरीचं पुढं काय होतं तेही ठाऊक होतं. वय लहान असलं म्हणून काय झालं. मी रोज संध्याकाळी स्वतःच्या पायांवर बसून राहू लागले, पाय बधिर होईपर्यंत. मोठ्या मामाजींनी ते पाहिलं. "अकोलेवाली," ते मांजरीला म्हणाले, "दाबून नोको धरू वं. दाबलं त जास्तच सुटते. मी पाह्यतो काईतरी."

मंगळवारी भर दुपारी भगत आला. सासरे बाजारात. सासूबाईंनी मला माजघरात पाटावर बसवलं. भीतीनं त्यांना सासऱ्यांचा कायदाही आठवला नाही. भगतानं परसातल्या चुलीतून पाटीभर निखारे आणून माझ्यापुढं ठेवले आणि मिरच्यांची पुडी सोडली.  तेवढ्यात मोठे मामाजी आले. काखेत मांजर.

ते निखाऱ्यांकडं बघतच राहिले. मग अगदी शांतपणे भगतासमोर बसले. "महाराज, पयले मले समजून सांगा. दिसभर मुकाट राह्यते. सांज झाली की डोये वाटोये होतात, कोनाले ओयखत नाई, तीन फेऱ्या मारते अन् मंग काई झालंच नाई अशी बसते. हे काय असन?"

भगतानं डोळे मिटले. "हडळ. जुनी हाय. पक्की धरून बसली."

"उतरन न?"

"उतरल्याबिगर मी उठत नाई."

"मंग हे घ्या," मामाजी म्हणाले आणि अकोलेवालीला त्याच्या मांडीवर ठेवलं. "हेच ते. उतरवा."

सासूबाईंच्या तोंडावर पदर गेला. हसू होतं की भीती, देव जाणे. भगताचा चेहरा लालबुंद झाला. त्यानं रागानं मूठभर मिरच्या निखाऱ्यांवर टाकल्या. धूर उठला, मांजर शिंकली, आणि मग जी सुटली! भगताच्या खांद्यावर, तिथून पागोट्यावर, पागोट्यासकट रुईच्या ढिगावर. भगत मागं कोलमडला, त्याचा पाय पाटीला लागला आणि एक निखारा गडगडत चरकीपाशी गेला. तिथं मी सकाळपासून काढलेली रुई होती. भस्सकन ज्वाळा उठली.

मोठ्या मामाजींनी विचार केला नाही, उजवा तळहात सरळ त्या ज्वाळेवर दाबला. दाबून धरला, विझेपर्यंत.  आणि नेमके तेव्हाच सासरे दारात उभे.

"माया घरात इस्तो?" ते इतक्या जोरानं ओरडले की बुढी भिंतीपलीकडून म्हणे वाकून पाहू लागली. भगत कसा आणि कुठल्या दारानं गेला ते मला दिसलं नाही, पागोटं मात्र आमच्याकडंच राहिलं. सासऱ्यांना माझी दया आली असं मी म्हणणार नाही. त्यांना रुईची काळजी होती. पण मी सुटले, आणि ज्यानं सोडवलं त्याची पारखीची दोन बोटं भाजून फोड आले होते. सहा आठवडे ते डाव्या हातानं रुई बघत होते. बाजारात कुणी विचारलं तर सांगायचे, मांजरीनं ओरबाडलं.

तरी वलगावला निरोप धाडायची गोष्ट राहिलीच होती. सासूबाई हट्टाला पेटल्या होत्या. दुसऱ्या दिवशी जेवणं चालू असताना दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, अर्थात मांजरीमार्फत.

"अकोलेवाली, सांग त्याईले, पोरगी आज पयली त उद्या इहिरीत पडन. मंग तिच्या बापाले काय तोंड दाखवू?"

"अकोलेवाली, सांग तिले, पोरगी पयते कारन तिले पयू देत नाई कोनी."

"अकोलेवाली, सुनेनं पयलेलं कुठी पाह्यलं का म्हना!"

सासऱ्यांनी घास खाली ठेवला. "त्या मांजरीले जेवू द्या न बाप्पा!"

मोठ्या मामाजींनी भाकरीचा एक तुकडा मांजरीपुढं टाकला. मग पुन्हा मांजरीकडं वळले. "अकोलेवाली, बोद तुडवायले गडी मियत नाई. सारे दुप्पट मजुरीवर दुसरीकडं पयाले. आता घरचंच मानूस पाहिजे. रोज सांजच्याले एक बोद तुडवला त रुई वायाले जानार नाई." बोद म्हणजे माणूसभर उंचीचं गोणपाटाचं पोतं. ते आढ्याला टांगायचं, वरून रुई टाकायची आणि एकानं आत उतरून पायांनी तुडवत राहायचं, म्हणजे जास्त मावते. सासऱ्यांनी मान वर केली. फुकटातलं माणूस म्हटल्यावर त्यांना ते लगेच पटलं.

त्या संध्याकाळपासून मी पोत्यात. अहो, काय सांगू! आत कुणाला दिसत नाही, पदराची फिकीर नाही, पायाखाली मऊ मऊ रुई आणि काम एकच, की नाचायचं. मी उड्या मारल्या, गिरक्या घेतल्या, गाणी म्हटली. बाहेरून फक्त एक पोतं हिंदकळताना दिसायचं. दमून बाहेर आले की सासूबाई गरम दूध द्यायच्या, कारण मी आता कामाची होते. दिवेलागणीला पळायची माझ्यात ताकदच उरायची नाही. महिनाभर मी एकदाही सुटले नाही तेव्हा सासूबाईंनी शेजारच्या बुढीला सांगितलं की हडळ पोत्यात दाबली गेली, गाडीनं मुंबईला गेली आणि तिथून बोटीत बसून विलायतेला गेली. बुढीला पटलं. तिला विलायतेची दया आली.

मोठे मामाजी सकाळी पोत्यावर थाप मारून सासऱ्यांना सांगायचे, "पाह्य, काय घट्ट तुडवला. गड्यापेक्षा बेस." आणि मला दिसलं की चार कोनाड्यांशेजारी, खुंटीखाली, त्यांनी एक वाटी ठेवली आहे आणि रोज संध्याकाळी मी पोत्यातून बाहेर आले की तिच्यात सरकीचा एक दाणा पडतो. मग झोपलेल्या मांजरीला म्हणायचे, "साचलं होतं बिचारीचं."

पुढच्या उन्हाळ्यात आखाजीच्या सणाला मोठ्या मामाजींची मुलगी माहेरी आली. त्यांना मुलगी आहे हे मी ऐकून होते, पाहिली तेव्हा पहिल्यांदा. मोर्शीकडे दिलेली, वीस-एक वर्षांची. बायको लवकर गेली, ही एकच लेक. दिवसभर ती खांबाला टेकून बसायची. बोललं तर बोलायची, हसलं तर हसायची. संध्याकाळी अकोलेवाली सुटली आणि थेट तिच्या मांडीवरून उडी मारून गेली. ताईंनी फक्त पाय जवळ घेतले. वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"भेव नाई वाटलं ताई?" मी विचारलं.

"नाई वं," त्या म्हणाल्या. "मीबी पयत होती, तुयाएवढी असतानी. मंग सासरी भगत आणला. बाबाले निरोप गेल्ता, पन ते अकोल्याले कापूस पाहाले गेल्ते. आठ दिसांनं आले." मग म्हणाल्या, "तवापासून बरी हावो मी."

ताप उतरला म्हणून सांगावं, तशा त्या सांगत होत्या. मी ओसरीकडं पाहिलं. मोठे मामाजी दाणा हातात घेऊन कोनाड्यासमोर उभे होते. त्यांनी सारं ऐकलं होतं. तो दाणा त्यांनी कुठल्याच कोनाड्यात ठेवला नाही, मुठीत धरून बाहेर निघून गेले. मला तेव्हा कळलं की हा माणूस मांजरीच्या मागं का रांगत होता. आणि मला त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली की मी पोत्यात उतरून तिथं रडून घेतलं. पोतं त्या दिवशी हललं नाही, तरी सासूबाईंनी गरम दूध दिलंच.

मग लढाई थांबली. जशी आली तशी कापसाची तेजी गेली. घर रिकामं झालं, माजघरात पुन्हा माणसं निजू लागली. मी मोठी झाले, यजमान अकोल्याहून परत आले, आणि पळावंसं वाटायचं आपोआप कमी झालं. अकोलेवाली एका पावसाळ्यात गेली. मोठ्या मामाजींनी तिला कडुलिंबाखाली स्वतःच्या हातानं पुरलं. त्यांच्या डोळ्यांत फूल पडून दिसेनासं झालं होतं, बाजार सुटला होता. ते ओसरीवर बसून राहायचे. पण मांजरीशी बोलणं काही सुटलं नाही. "अकोलेवाली, तान लागली वं." "अकोलेवाली, ऊन आलं, आत हो." लोक म्हणू लागले, बुवाचं डोकं गेलं, मेलेल्या मांजरीशी बोलतात. मी तांब्या नेऊन ठेवायची. मला माहीत होतं ते कुणाशी बोलतात.

त्या दिवसांत सासूबाई मला एकदा म्हणाल्या, "वलगाववाली, तुले वाटते तू बोद तुडवत होती? माय वं, तुयात वजन तरी होतं का? अर्धा पोकळ राह्यचा. तुये मोठे मामाजी पहाटे उठून सोता उतरत, गुडघे धरून धरून, अन् पुन्हा तुडवत. दोन वर्सं. मले दिसत होतं."

"तुमी कधी सांगितलं नाई, सासूबाई."

"कोनाले सांगू? मांजरीले?" त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसून चुलीकडं गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. मी ओसरीच्या आतल्या बाजूला सुपात डाळ पाखडत होते. माझ्या पोटात तेव्हा पाचवा महिना होता. मोठे मामाजी भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्याजवळ मी वाटीत मूठभर सरकी ठेवत असे. ते दाण्यांशी चाळा करत. एक दाणा त्यांनी उचलून परत वाटीत टाकला. मग म्हणाले, "अकोलेवाली."

मी सूप थांबवलं.

"दमली का वं?" ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, अगदी हळू, "या घरात तुले बरं गेलं का?"

सात वर्षांत मी त्यांना एकदाही उत्तर दिलं नव्हतं. तशी रीतच नव्हती. मी पदर नीट केला, उठून उंबऱ्यापाशी आले.  

"बरं गेलं, बाबा," मी म्हटलं. "लय बरं गेलं. तुमच्यामुयं."

ते दचकले नाहीत. न दिसणाऱ्या डोळ्यांनी माझ्याकडं मान वळवली. मग वाटीतला एक दाणा घेतला, त्या भाजलेल्या बोटांनी चाचपत चाचपत कोनाडा शोधला आणि दाणा आत ठेवला.

"साचलं होतं बिचारीचं," ते म्हणाले.